५१२ एमबीच्या डब्यात कासान: पंपरूममधल्या एका गेटवेचं प्रकरण

गेटवे पडायचा तो नेमका पंप सुरू होताना.

मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांच्या पंपरूममध्ये भिंतीला लावलेला हा डबा. जमिनीखालची टाकी किती भरली, गच्चीवरची किती उतरली, पंप चालू आहे की बंद, हे आरएस-४८५ च्या वायरवरून वाचायचं, वरची टाकी भरली की पंप बंद करायचा आणि सगळी नोंद ४जी मोडेममधून सर्व्हरला पाठवायची, एवढंच त्याचं काम. महापालिकेचं पाणी प्रत्येक भागात आपापल्या ठरलेल्या वेळेला येतं. त्या वेळात डबा जागेवर नसला तर एक तर टाकी भरत नाही, नाहीतर भरून वाहते. दोन्ही वेळा सेक्रेटरी काकांचा फोन येतो, फरक फक्त आवाजाच्या पट्टीत.

डब्यात चार कॉर्टेक्स-ए५३ कोर, ५१२ एमबी रॅम आणि लिनक्स ६.१. पडल्यावर वॉचडॉग त्याला पुन्हा उभा करायचा, त्यामुळे बरेच दिवस हे ‘लाइट गेली असेल’ या खात्यात जमा होत राहिलं. मग लॉग एकत्र आले तेव्हा चित्र विचित्र निघालं. एका डब्यात ऊप्स (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अडखळताना लिहितो तो अहवाल) डेंट्रीच्या, म्हणजे फाइलींच्या नावांच्या नोंदींच्या, यादीत, दुसऱ्यात नेटवर्कच्या पॅकेटमध्ये, तिसऱ्यात सिरियल पोर्टच्या बफरजवळ. या तीन जागांचा एकमेकींशी काही संबंध नाही. अशा वेळी कर्नलमध्ये काम करणाऱ्याच्या मनात एकच शंका येते: जिथे ऊप्स दिसतो तिथला कोड निर्दोष आहे, आणि भलताच कोणीतरी आपल्या मालकीची नसलेली मेमरी लिहून मोकळा झालाय.

अंधेरीच्या ऑफिसात हे टेबलावर आणायचं म्हणून लोहार चाळीतून कॉन्टॅक्टर आणि डीओएल स्टार्टर आणला, एक छोटी मोटर जोडली आणि ती तासन्‌तास चालू-बंद करत ठेवली. मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याच फेजवर डब्याचा पॉवर सप्लाय असेल तर व्होल्टेज क्षणभर बसतं. कोर तग धरतात, पण मोडेम रीसेट होतो, यूएसबीवरून गायब होतो आणि काही सेकंदांनी परत येतो. या उड्यांमधली एखादीच कर्नलला आडवं करायची. हाताने मोडेम उपटून पुन्हा लावला तर मात्र कधीच काही व्हायचं नाही. हा फरक का, ते पुढे कळलं.

हार्डवेअरच्या टीमने लगेच सप्लायवर मोठा कपॅसिटर लावायला सांगितलं. सल्ला रास्त होता. पण तो त्या वेळी मानला असता तर दोष कर्नलमध्ये तसाच राहिला असता आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी निमित्ताने बाहेर आला असता. कपॅसिटर थांबवला आणि कासान, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन, बांधायला घेतलं.

कासानचं बिल

कासान म्हणजे कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर. २०१५ मध्ये लिनक्स ४.० बरोबर तो मुख्य कर्नलमध्ये आला. मूळ काम आंद्रेई र्‍याबिनिन यांचं. कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाच्या आधी एक तपासणी घालतो: हा पत्ता आत्ता वापरायला मोकळा आहे का? उत्तर शॅडो मेमरीत असतं. खऱ्या मेमरीच्या दर ८ बाइटमागे शॅडोचा १ बाइट. तो शून्य असेल तर आठही बाइट वापरता येतात, १ ते ७ असेल तर पहिले तेवढेच, आणि ऋण असेल तर काहीच नाही.

५१२ एमबीचा आठवा भाग ६४ एमबी. कासान लावलेला कर्नल आमच्या डब्यावर बूट झाला, लॉगिन दिलं, आणि मुख्य ॲप्लिकेशन उभं राहता राहता ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) ते मारलं. साध्या कर्नलवर सगळं चालू असताना साधारण ११० एमबी हाताशी उरायचे. ११० मधून ६४ गेले तर ४६ उरायला हवेत, मग गाडी अडली कुठे? इथे बरेच जण ‘कासान या बोर्डावर बसत नाही’ असं म्हणून फाइल बंद करतात. आम्ही बिल ओळीओळीने वाचायचं ठरवलं, कारण शॅडो ही त्यातली फक्त पहिली ओळ आहे.

शॅडोचा हिशोब सोसायटीच्या क्षेत्रफळावर लावलेल्या मेंटेनन्ससारखा असतो. घरात माणसं किती राहतात याच्याशी त्याचा संबंध नाही. बूट होतानाच कर्नल सगळ्या रॅमसाठी शॅडो बाजूला काढतो. ती इतक्या लवकर घेतली जाते की मेमइन्फोमध्ये (कर्नलच्या मेमरी हिशोबाच्या फाइलीत) ती ‘वापरलेली’ म्हणूनही दिसत नाही, मेमटोटल हा आकडाच खाली येतो. म्हणून कासानचा खर्च मोजताना मेमफ्रीपासून सुरुवात करू नये, दोन्ही कर्नलच्या मेमटोटलची वजाबाकी आधी करावी.

दुसरी ओळ क्वारंटाइन. मोकळी केलेली वस्तू, म्हणजे मेमरीचा तुकडा, कासान लगेच परत वाटायला काढत नाही, काही काळ बाजूला ठेवतो, म्हणजे उशिरा कोणी तिला हात लावला तर पकडता येतं. या साठ्याची कमाल मर्यादा एकूण मेमरीच्या ३२ व्या भागाइतकी. शॅडो आणि कर्नल वजा जाता आमच्याकडे ती साधारण १३ एमबी निघते. हा साठा मेमइन्फोत स्लॅबच्या (कर्नल छोट्या वस्तू जिथून वाटतो त्या साठ्याच्या) परत न मिळणाऱ्या भागात मिसळून जातो, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं कुठेतरी गळती आहे. आणखी एक गोष्ट: क्वारंटाइनमध्ये एखादी वस्तू जरी अडकली तरी तिचं अख्खं स्लॅब पान अडकतं. म्हणून प्रत्यक्षातला भार त्या १३ पेक्षा जास्त असतो.

तिसरी ओळ रेडझोन, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या शेजारी मुद्दाम सोडलेली निषिद्ध जागा. आकडे छोटे दिसतात पण वस्तू लाखांत असतात. ३२ बाइटची वस्तू रेडझोन धरून ४८ ची होते. १९२ बाइटची डेंट्री २५६ ची. आमचं ॲप्लिकेशन लहान लहान फाइल्स भरपूर उघडतं, त्यामुळे डेंट्रीचा साठा मोठा, आणि या ओळीने अपेक्षेपेक्षा जास्त खाल्लं.

चौथी ओळ स्टॅक डेपो. प्रत्येक वस्तू कोणी घेतली आणि कोणी सोडली याचा माग कासान एका सामायिक कोठारात ठेवतो. तोच माग पुन्हा आला तर नवीन प्रत ठेवत नाही, त्यामुळे हे कोठार सुरुवातीला वाढतं आणि मग स्थिरावतं. पण त्याचा हॅश टेबल कासान असेल तर पहिल्यापासूनच दहा लाखांवर खणांचा असतो: २ चा २० वा घात, गुणिले ८ बाइट, म्हणजे ८ एमबी. १६ जीबीच्या सर्व्हरवर याच्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. आमच्यासाठी तो उरलेल्या जागेचा मोठा घास होता.

शिवाय आर्म६४ वर कासान असताना प्रत्येक थ्रेडचा कर्नल स्टॅक १६ ऐवजी ३२ केबी होतो. दीडशे थ्रेड धरले तर अडीच एमबीच्या आसपास. आणि तपासण्या घातल्यामुळे कर्नलची इमेजही फुगते.

एवढं मांडल्यावर ११० एमबी कुठे गेले हा प्रश्न उरत नाही.

काय कापावं, काय कापू नये

इमेज फुगते त्यावर उपाय सोपा आहे. तपासणी जागच्या जागी घालायची इनलाइन पद्धत सोडून आउटलाइन घ्यायची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी फक्त फंक्शनला हाक जाते. इमेज लहान होते, वेग कमी होतो. वेगाची आम्हाला फिकीर नव्हती. हॅश टेबलचा आकार सोर्समध्ये एक स्थिरांक बदलून २ च्या १६ व्या घातावर आणला तर ८ एमबीचा अर्धा एमबी होतो. साखळ्या लांबतात, शोधायला थोडा वेळ जातो, बस.

एक गैरसमज मात्र वारंवार भेटतो. मेकफाइलमध्ये अमुक फोल्डरला कासान लावू नको असं सांगितलं की मेमरी वाचेल, असं अनेकांना वाटतं. त्याने त्या कोडमधल्या तपासण्या जातात, इमेज बारीक होते, वेग वाढतो. शॅडो मात्र जशीच्या तशी राहते, कारण ती मेमरीच्या आकारावर आहे, तपासलेल्या कोडवर नाही. बूटच्या वेळी रॅमच कमी दाखवणं हाही उपाय नव्हे. ८ एमबी रॅम लपवली की १ एमबी शॅडो वाचते, असा तो व्यवहार आहे.

खरा मोह होता क्वारंटाइन छाटण्याचा. त्याला बूट पॅरामीटर नाही, पण सोर्समध्ये ३२ च्या जागी ६४ लिहिलं की झालं. १३ एमबीचे साडेसहा. दिसायला निम्मे, पण हिशोब तसा चालत नाही. या मर्यादेतून प्रत्येक कोरमागे १ एमबी वेगळा धरला जातो. चार कोरचे ४ एमबी वजा केले की सामायिक साठा ९ वरून अडीचवर येतो. म्हणजे निम्मा कापायला गेलं तर पाऊण भाग जातो.

आणि आमचा संशय कशावर होता? मोडेम गायब होतो, काही सेकंदांनी परत येतो, आणि मधल्या काळात कोणीतरी जुनी वस्तू लिहितं. समजा सेकंदाला १ एमबी मेमरी सोडली जात असेल, तर ९ एमबीचा साठा ९ सेकंद आठवण ठेवतो आणि अडीचचा अडीच सेकंद. शोधायचा दोष जर ‘सोडल्यावर चार सेकंदांनी लेखन’ या जातीचा असेल, तर छाटलेल्या साठ्यात तो दिसणारच नाही आणि आपण ‘कासान लावला, काही सापडलं नाही’ असं लिहून मोकळे होऊ. बफरच्या कडेबाहेर लिहिणाऱ्या दोषाच्या मागे असतो तर क्वारंटाइन आम्ही बिनधास्त छाटला असता, कारण तिथे पकड रेडझोनची असते. मेमरी वाचवायची यादी इंटरनेटवर एकच मिळते, पण ती दोषाच्या जातीनुसार उलटीपालटी करावी लागते.

टॅगचा रस्ता

आर्म६४ वर दुसरा पर्याय आहे: सॉफ्टवेअर टॅगवर चालणारा कासान. तो २०१९ मध्ये लिनक्स ५.० मध्ये आला. आर्मच्या ६४ बिट प्रोसेसरला पत्त्याचा सगळ्यात वरचा बाइट दुर्लक्षायला सांगता येतं. तिथे ८ बिटांचा टॅग लिहायचा, तोच टॅग त्या मेमरीच्या शॅडोत लिहायचा, आणि वापरताना दोन्ही जुळतात का पाहायचं. इथे दर १६ बाइटमागे १ बाइट शॅडो, म्हणून ६४ चे ३२ एमबी. कॉर्टेक्स-ए५३ वर हे चालतं, जीसीसी ११ किंवा क्लँग लागतो.

बचत शॅडोपुरती नाही. या पद्धतीत क्वारंटाइनच नाही, आणि वस्तूंभोवती रेडझोनही नाही, फक्त आकार १६ च्या पटीत वर नेला जातो. कोणी घेतलं-सोडलं याची नोंद ६.१ पासून एका गोल रांगेत जाते. मुळात ३२,७६८ नोंदी, साधारण १ एमबी, आणि हा आकार बूटच्या वेळी बदलता येतो.

क्वारंटाइन नसून सोडलेल्या मेमरीचा वापर कसा पकडतात, हा प्रश्न मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. वस्तू सोडली की तिच्या शॅडोत खास ‘अवैध’ टॅग बसतो. तेव्हापासून जुना पत्ता वापरला की पकडला जातो. तीच जागा दुसऱ्याला दिली गेली तर तिला २५४ पैकी एक नवा टॅग मिळतो आणि जुन्या पत्त्यावरचा टॅग सहसा जुळत नाही. जुळायची शक्यता २५४ मध्ये एक. साध्या कासानमध्ये वस्तू क्वारंटाइनमधून बाहेर पडून दुसऱ्याच्या नावावर गेली की जुना पत्ता बेधडक चालतो. म्हणजे उशिरा होणाऱ्या चुकांसाठी निम्म्या खर्चाची ही पद्धत उलट जास्त तिखट आहे. ती कमी पडते ती कडेला: १३ बाइट मागितले आणि पंधरावा लिहिला तर दोन्ही एकाच १६ बाइटच्या तुकड्यात येतात आणि तिला काही कळत नाही. साध्या कासानला कळतं.

हार्डवेअर टॅग, म्हणजे आर्मचं एमटीई, याहून स्वस्त. टॅग ४ बिटांचा, १६ बाइटमागे, म्हणजे मेमरीचा ३२ वा भाग. कर्नलमध्ये त्याचा आधार २०२१ च्या ५.११ पासून आहे. पण ए५३ त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणून तो विषय तिथेच संपला.

टॅगवाला कर्नल हॅश टेबल छाटून बांधला. ॲप्लिकेशन उभं राहिलं, मोडेम जोडला गेला, मोटर फिरायला लागली.

क्रॅश होतो, अहवाल नाही

टॅगवाल्या कासानने आमच्याच सिरियल कोडमधली एक कडेबाहेरची वाचणी पहिल्या रात्रीत दाखवली. ती दुरुस्त झाली, पण पंपाच्या क्रॅशशी तिचा संबंध नव्हता. आणि मग टेबलावर तोच जुना क्रॅश झाला. जिच्यावर भलतं काही लिहिलं गेलं ती वस्तू दिसली, लिहिणारा कुठेच नाही. कासानचा अहवाल होता तोही नंतर खराब पत्ता वाचणाऱ्या बिचाऱ्या नेटवर्क कोडवर.

ही शांतता फार बोलकी असते. कासान चालू आहे, मेमरी बिघडते आहे, तरी बिघडवणारा दिसत नाही, याचे अर्थ मोजके. एक तर लिहिणारा प्रोसेसर नाहीच, एखादं हार्डवेअर डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत) लिहितंय. नाहीतर लिहिणारा कोड असा आहे ज्यात कंपायलरने तपासणी घातलेलीच नाही. कासान पाहतो ते स्वतः घातलेल्या तपासण्यांच्या खिडकीतून. मेमकॉपीसारखी कर्नलची फंक्शन्स तपासलेली असतात, म्हणून बाहेरच्या कोडने ती वापरली तर काही सापडतं, पण त्याच्या साध्या लेखनाला खिडकी नाही.

मोडेमच्या ड्रायव्हरचा सोर्स पुरवठादाराकडून आला होता, पण पूर्ण नाही. कर्नलशी बोलणारा वरचा थर सोर्समध्ये, आणि आतली एटी कमांडची (मोडेमला द्यायच्या हुकमांची) रांग सांभाळणारा भाग तयार ऑब्जेक्ट फाइल म्हणून, म्हणजे आधीच कंपाइल होऊन. तो भाग कोणत्या कंपायलरने, कोणत्या फ्लॅग्जनी बांधला होता ते आमच्या हातात नव्हतं. त्यामुळे ६४ एमबीचा पूर्ण कासान बसवला असता तरी इथे डोळे मिटलेलेच राहिले असते. उलट क्वारंटाइनमुळे ती सोडलेली जागा बराच वेळ कोणालाच मिळाली नसती, चुकीचं लेखन तिथे निरुपद्रवी पडलं असतं, आणि टेबलावरचा क्रॅश गायब झाल्यासारखा वाटला असता.

तपासणी कोडमध्ये नको, पत्त्यावर हवी. तिथे केफेन्स, कर्नलमधलंच मेमरी तपासणारं दुसरं साधन, आला.

दोन एमबीची जाळी

केफेन्स २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ मध्ये आला. मार्को एल्व्हर आणि अलेक्झांडर पोटापेन्को यांचं काम. तो सगळ्या वस्तूंवर लक्ष ठेवत नाही. ठरावीक अंतराने, मुळात दर १०० मिलिसेकंदांनी, पुढची एक वस्तू तो स्वतःच्या राखीव साठ्यात नेतो. तिथे प्रत्येक वस्तूला स्वतःचं पान, आणि दोन पानांमध्ये हात लावता न येणारं पान. वस्तू सोडली की तिचं पानही बंद होतं. मग कोणीही, तपासणी घातलेला कोड असो वा तयार ऑब्जेक्ट फाइल, तिथे हात लावला की एमएमयूच (पत्ते तपासणारा प्रोसेसरचा भाग) अडवतो. मुळातल्या २५५ वस्तूंसाठी साठा (२५५ + १) × २ पानं, म्हणजे ४ केबीच्या पानांवर बरोबर २ एमबी. अडचण असेल तर ६३ वस्तूंवर अर्ध्या एमबीतही भागतं.

डीएमए मात्र केफेन्सलाही दिसत नाही, हे लक्षात ठेवून पुढे जायचं होतं.

सौदा असा की मेमरी वाचते ती नशिबाच्या भरवशावर. कर्नल सेकंदाला दहा हजार वस्तू देत असेल आणि केफेन्स त्यातल्या दहा उचलत असेल, तर एखादी विशिष्ट वस्तू जाळीत यायची शक्यता हजारात एक. एका टेबलावर एका डब्याने हे जमणं कठीण. पण सोसायट्यांमध्ये डबे काही शे होते आणि प्रत्येक ठिकाणी पंप दिवसातून अनेकदा सुरू होत होता. तीनशे डबे, प्रत्येकी चार मोडेम-उड्या धरल्या तर दिवसाला बाराशे संधी. हजारात एक ही शक्यता मग रोजच्या एखाद्या नमुन्याइतकी होते, अर्थात प्रत्येक उडीत दोष घडतोच असं नाही. हे गणित मांडल्यावर केफेन्स टेबलाचं साधन नाही, ते मैदानात सोडायचं साधन आहे, हे मॅनेजरलाही पटलं. २ एमबीला कोणी हरकत घेतली नाही. अहवाल आल्यावर केफेन्स ते पान उघडून देतो आणि कर्नल चालत राहतो, त्यामुळे पाण्याच्या वेळेत डबा पडायची भीती वाढत नव्हती.

एक गोष्ट तपासून घेतली: लांब आयुष्याच्या वस्तू साठा भरून टाकतात का. बूटच्या वेळी घेतलेल्या आणि कधीच न सोडल्या जाणाऱ्या वस्तूंनी २५५ जागा अडवल्या तर जाळी बंद. ६.१ मध्ये यावर उपाय आहे: साठा ७५ टक्के भरला की ज्या मागाची वस्तू आधीच आत आहे तसली दुसरी घेतली जात नाही. डीबगएफएसमधल्या केफेन्सच्या आकडेवारीत चालू वस्तूंची संख्या दिसते, तेवढी रोज लॉगमध्ये पाठवली.

अहवाल आला तो गोरेगावच्या एका पंपरूममधून. सोडलेल्या मेमरीत लेखन. कोणी घेतली: ड्रायव्हरचं प्रोब (मोडेम जोडला की चालतं ते फंक्शन). कोणी सोडली: ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट (मोडेम गेला की चालतं ते). कोण लिहितंय: टायमरच्या सॉफ्टआयआरक्यूमधून (वेळ झाली की कर्नल टायमरचं काम जिथून चालवतो तिथून) आलेलं, तयार ऑब्जेक्ट फाइलमधलं एक फंक्शन. म्हणजे लिहिणारा प्रोसेसरच होता आणि डीएमएची शंका निकालात निघाली.

टेबलावर खात्री

एका अहवालावर पुरवठादाराशी भांडायला जाऊ नये. शक्यता हजारात एकवरून एकात एक करायची होती, आणि तीही मेमरी न वाढवता.

संशयित वस्तू आता एकच होती, चारशे-पाचशे बाइटची. ती घ्यायचं आणि सोडायचं काम सोर्समध्ये असलेल्या वरच्या थराकडे होतं. तिथे फक्त या वस्तूसाठी केमॅलॉकच्या (कर्नलच्या नेहमीच्या मेमरी वाटपाच्या) जागी व्हीमॅलॉक लावला. व्हीमॅलॉकची वस्तू स्वतंत्र पानावर येते. सोडली की खरी मेमरी परत जाते, पण तो आभासी पत्ता कर्नल बराच वेळ पुन्हा वापरत नाही. पत्त्यांचं क्वारंटाइन म्हणा हवं तर, पण त्यात रॅम अडकत नाही. टीएलबीत (प्रोसेसरच्या पत्ते लक्षात ठेवणाऱ्या वहीत) जुनी नोंद राहून एखादं लेखन निसटू शकतं, म्हणून टेबलावर डीबग-पेजअलॉकही चालू केला. तो असला की सोडतानाच टीएलबी साफ होतो. व्हीमॅलॉक अणू संदर्भात (जिथे कोडला मध्येच थांबता येत नाही) चालत नाही, पण प्रोब आणि डिस्कनेक्ट दोन्ही झोपू शकणाऱ्या संदर्भात होते, आणि ही वस्तू डीएमएला जात नव्हती. एवढ्या अटी जुळल्या म्हणून हे जमलं, सर्रास कुठेही लावायची युक्ती नाही.

मोटर सुरू केली. आता व्होल्टेज बसून मोडेम गायब झाला की जवळजवळ दर वेळी त्याच फंक्शनमध्ये पेज फॉल्ट (बंद पत्त्याला हात लागल्याची चूक).

हाताने मोडेम उपटल्यावर का होत नव्हतं तेही उलगडलं. ऑब्जेक्ट फाइल एटी कमांड पाठवून उत्तराची वाट पाहत असेल तेव्हाच पुन्हा-प्रयत्नाचा टायमर लावते. हाताने उपटताना मोडेम सहसा निवांत असायचा. पंप सुरू होतो त्या क्षणी मात्र डबा ‘पंप चालू’ ही नोंद पाठवण्याच्या घाईत असतो, कमांड अर्धवट असते, टायमर लागलेला असतो. डिस्कनेक्ट वस्तू सोडून देतं, टायमर थांबवत नाही, आणि काही सेकंदांनी त्याचं कॉलबॅक (वेळ झाली की चालणारं फंक्शन) जुन्या वस्तूतला प्रयत्नांचा आकडा वाढवतं. तोवर ती जागा केमॅलॉक-५१२ या साठ्यातून दुसऱ्या कोणाला तरी गेलेली असते.

टायमरची स्वतःची रचना त्या वस्तूच्या आत नव्हती, वरच्या थराने वेगळी घेतलेली आणि न सोडलेली होती. ती आत असती तर कर्नलच्या टायमर कोडनेच, ज्यात तपासणी आहे, सोडलेल्या वस्तूला हात लावला असता आणि टॅगवाल्या कासानने हे प्रकरण पहिल्या रात्रीच मिटवलं असतं.

दुरुस्ती वरच्या थरातच झाली. ऑब्जेक्ट फाइल टायमर मागते ते याच थराकडे, म्हणून तिने मागितलेल्या प्रत्येक टायमरची यादी ठेवली. डिस्कनेक्टमध्ये आधी ‘बंद होतोय’ असं चिन्ह, मग प्रत्येक टायमर कॉलबॅक संपेपर्यंत थांबवणं, मग वस्तू सोडणं. चिन्ह गरजेचं, कारण कॉलबॅक स्वतःच टायमर पुन्हा लावतं. चिन्ह असताना वरचा थर नवीन टायमर लावायला नकार देतो. कायमचं बंद करणारं तयार फंक्शन ६.२ पासून मिळतं, आम्ही ६.१ वर होतो.

पुरवठादाराला केफेन्सचा अहवाल आणि टेबलावरचा पेज फॉल्ट दोन्ही पाठवले. त्यांनी पुढच्या आवृत्तीत ऑब्जेक्ट फाइलमध्येच टायमर थांबवला. आमच्या थरातली यादी आम्ही तरीही काढलेली नाही.

मैदानातल्या सगळ्या डब्यांवर केफेन्स चालूच ठेवला आहे, १०० मिलिसेकंद, २५५ वस्तू. टॅगवाला कासान रोजच्या टेस्ट बिल्डमध्ये गेला, त्याच ५१२ एमबीच्या बोर्डावर. पूर्ण कासान आता २ जीबीच्या दुसऱ्या बोर्डावर तोच कोड घेऊन चालतो, कडेच्या बारीक चुकांसाठी. कर्नल शांत झाल्यावर हार्डवेअरच्या टीमने कपॅसिटरही लावला.